जांघेत सापडलेला पिवळा दाणा



आजचा विषय आकाराने अगदी लहान आहे, मुगाच्या डाळीच्या दाण्याएवढा. पण हा दाणा कागदावर उतरला की घरातल्या माणसांची झोप उडते, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं ठरवलं.

प्रसंग असा असतो. वर्ष-दोन वर्षांचा मुलगा असतो. त्याच्या जांघेत हर्निया असतो, ज्याला आपण मराठीत अंतर्गळ म्हणतो, किंवा एका बाजूचं वृषण खाली पिशवीत उतरलेलं नसतं. बालशल्यचिकित्सक ऑपरेशन करतात, सगळं नीट पार पडतं, मूल घरी येऊन खेळायलाही लागतं. आठवड्याभराने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात इंग्रजीत एक ओळ असते: 'एक्टॉपिक अ‍ॅड्रिनल कॉर्टिकल टिश्यू'. म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थराचा तुकडा, त्याची जागा सोडून भलतीकडे सापडलेला.

मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा पदवीधर आहे आणि उभं आयुष्य लष्करात गेलं. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली ती माझ्या नातवाच्या रिपोर्टमध्ये. मुलगा आणि सूनबाई बंगळुरूला, आम्ही दोघं पुण्यात, विहीणबाई इंदूरला, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बडोद्यापासून बेळगावपर्यंतची मंडळी. रिपोर्ट ग्रुपवर पडला आणि अर्ध्या तासात निरनिराळे सल्ले आले. कुणी म्हणालं, पोटाचा सीटी स्कॅन करा. कुणी म्हणालं, हा ट्यूमर असणार, मुंबईला न्या. कुणी म्हणालं, सुरी लागली की गाठ पसरते, ऑपरेशनच करायला नको होतं. माझ्या पत्नीचा प्रश्न सगळ्यांत वेगळा होता. तिने विचारलं, "अहो, अ‍ॅड्रिनल म्हणजे ते अ‍ॅड्रिनलिनच ना? मग हा पोरगा तापट होणार का?"

यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. 'एक्टॉपिक' हा शब्द आपल्या घरांमध्ये एकाच संदर्भात ऐकलेला असतो, एक्टॉपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भपिशवीबाहेर राहिलेला गर्भ. त्यात आईचा जीव धोक्यात येतो. तोच शब्द लेकराच्या कागदावर दिसला की छातीत धस्स होणारच. म्हणून आधी शब्दाचा अर्थ लावू. एक्टॉपिक म्हणजे फक्त 'जागा सोडून असलेलं'. धोका किती, हे त्या शब्दात कुठेही सांगितलेलं नसतं.

आता ही ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. मराठीत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, पण आपण अ‍ॅड्रिनलच म्हणू या. सोळाव्या शतकात इटलीतल्या युस्टाची या शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. पण ती करते काय, हे पुढची तीनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी दाखवून दिलं की ही ग्रंथी रोगाने निकामी झाली की माणूस अशक्त होत जातो, कातडी काळवंडते आणि शेवटी तो दगावतो. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्रयोगातल्या प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्या. ते प्राणी मेले. म्हणजे ही ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यावर वाद झाला, कारण काही प्राणी, विशेषतः उंदीर, दोन्ही ग्रंथी काढूनही जगत होते. पुढे उलगडा झाला तो असा: त्या प्राण्यांच्या शरीरात याच ग्रंथीचे लहान लहान तुकडे इतरत्र विखुरलेले होते आणि तेच काम भागवत होते. आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. विखुरलेले तुकडे ही निसर्गातली जुनी गोष्ट आहे आणि ते तुकडे खरोखर काम करू शकतात. माणसातल्या अशा तुकड्यांची नोंद तर त्याहून जुनी आहे. इटलीच्याच मोर्गान्यी यांनी ती १७४० मध्ये केली होती.

पण मूत्रपिंडाच्या डोक्यावरची ग्रंथी जांघेत आली कशी? यासाठी आईच्या पोटातल्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात जावं लागतं. त्या वेळी गर्भ बोटाच्या पेराहूनही लहान असतो. त्याच्या पाठीच्या आतल्या बाजूला एका पट्टीत मूत्रपिंड, अ‍ॅड्रिनलचा बाहेरचा थर आणि वृषण किंवा अंडाशय, यांची बीजं अगदी शेजारी शेजारी रुजतात. पुढे प्रत्येकाची वाट वेगळी होते. अ‍ॅड्रिनल वर राहते. मुलाचं वृषण मात्र पोटातून खाली उतरत उतरत सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेच्या बोगद्यातून पुढे सरकतं आणि जन्माच्या आसपास पिशवीत पोचतं. शेजाऱ्याचं घर हलवताना आपलीही एखादी पिशवी त्यांच्या ट्रकमध्ये जावी, तसा कधी कधी अ‍ॅड्रिनलच्या पेशींचा एखादा पुंजका वृषणाला चिकटून त्याच्याबरोबर खाली येतो. जिथे थांबेल तिथे राहतो: वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दोरीवर, हर्नियाच्या पिशवीवर किंवा वृषणाच्या जवळ. मुलींमध्ये असा तुकडा गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात, अंडाशयाच्या आसपास राहू शकतो. १८८३ मध्ये मार्शां या जर्मन शास्त्रज्ञांनी तो नोंदवला, म्हणून त्याला त्यांचं नावही आहे.

आता पत्नीच्या प्रश्नाचं उत्तर. अ‍ॅड्रिनलचे दोन भाग असतात. बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, कॉर्टिसोल आणि शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन तयार करतो. आतला गाभा, म्हणजे मेड्युला, अ‍ॅड्रिनलिन बनवतो. हा गाभा मुळात मज्जासंस्थेच्या बीजातून येतो आणि बाहेरच्या थराच्या पोटात नंतर शिरतो. जांघेकडे गेलेला तुकडा त्याआधीच वेगळा झालेला असतो, म्हणून त्यात बहुतेक वेळा फक्त कॉर्टेक्स सापडतो. रिपोर्टमधला 'कॉर्टिकल' हा शब्द तेच सांगतो. अ‍ॅड्रिनलिनचा तिथे संबंधच नाही. आमचा नातू तापट झाला, तर ते अनुवंशाने झालं असं समजायचं, आणि घरात संशयित कोण ते सगळ्यांना माहीत आहे.

असे तुकडे किती मुलांत सापडतात? मुलांच्या जांघेच्या ऑपरेशनांच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींमध्ये आकडा वेगवेगळा येतो, पण साधारण शंभरात एक ते तीन-चार असं प्रमाण आहे. सर्जनला दिसतो तो पिवळाधमक, गोलसर, काही मिलिमीटरचा दाणा. आजूबाजूच्या चरबीपेक्षा रंगाने गडद आणि कडेने रेखीव. नवजात बाळांत असे तुकडे बरेच असतात आणि मूल वाढत जातं तसे त्यातले पुष्कळसे आपोआप विरून जातात. मोठ्या माणसांत ते क्वचितच दिसतात. याचा अर्थ, हे सभागृह जर दोन-दोन महिन्यांच्या बाळांनी भरलेलं असतं, तर त्यातल्या कित्येकांच्या शरीरात कुठे ना कुठे असा दाणा असता आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नसता. ऑपरेशन झालं म्हणून तो दिसला, इतकंच.

लष्करात आम्ही एक सवय लावून घेतो. खबर आली की तिचे तीन भाग करायचे: काय दिसलं, कुठे दिसलं आणि त्याचा अर्थ काय. पहिले दोन भाग पाहणारा सांगतो. तिसरा भाग सगळं चित्र समोर असणाऱ्याने ठरवायचा असतो. पॅथॉलॉजीचा डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहतो. त्याने मूल पाहिलेलं नसतं. तो पहिले दोन भाग प्रामाणिकपणे लिहितो: काय आहे आणि कुठून आलंय. अर्थ लावण्याचं काम, ज्यांनी मुलाला तपासलंय त्या सर्जनचं. आपल्या घरांमध्ये नेमकं उलटं होतं. रिपोर्ट आधी मोबाइलवर येतो, सर्जनची वेळ चार दिवसांनी असते आणि मधले चार दिवस अर्थ लावण्याचं काम व्हॉट्सअ‍ॅप करतं.

आमच्या सर्जनबाईंनी सांगितलेला अर्थ असा. दाणा दिसला, सहज निघण्यासारखा होता, म्हणून काढला. काढण्याची कारणं दोन. एक म्हणजे तो नक्की काय आहे हे तपासून कळतं. दुसरं, अशा तुकड्यात पुढे गाठ वाढल्याच्या नोंदी जगात आहेत, पण फारच विरळ. मुलाच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल जागच्या जागी आहेत, त्यामुळे हा दाणा गेल्याने काही कमी पडत नाही. आणखी कुठे असे दाणे आहेत का हे शोधत बसायचं नाही. त्यासाठी वेगळी चीरफाड नाही, सीटी स्कॅन नाही, एरवी तब्येत नीट असेल तर रक्ताच्या तपासण्याही नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मुलाच्या पोटाला क्ष-किरण सोसावे लागतात, शांत पडून राहावं म्हणून पुष्कळदा गुंगीचं औषध द्यावं लागतं आणि हाती लागण्यासारखं काही नसतं. रिपोर्ट फाइलला लावा आणि जखम भरते आहे ना याकडे लक्ष द्या, असं त्या म्हणाल्या.

इथेच थांबलो तर भाषण गोड होईल, पण अपुरं राहील. काही मोजक्या परिस्थितींमध्ये याच जातीच्या पेशींना मोठा अर्थ असतो आणि त्या माहीत असायला हव्यात.

जन्मजात एक विकार असतो, कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया, थोडक्यात सीएएच. जगभरात साधारण दहा ते पंधरा हजार बाळांमागे एकाला तो असतो. यात अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसोल नीट बनवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी पडतं. मेंदूतली पिट्युइटरी ग्रंथी मग हुकमावर हुकूम सोडत राहते, 'बनव, आणखी बनव'. कॉर्टिसोल तर तयार होत नाही, पण ग्रंथी फुगते आणि पुरुषी हार्मोन भलतेच वाढतात. या विकाराच्या गंभीर प्रकारात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करू लागतं, वजन घटतं, मीठ-पाणी निघून जाऊन ते गळून जातं. वेळेत ओळखलं नाही तर जीव जातो. ओळखलं तर गोळ्यांवर मूल उत्तम वाढतं.

आता हा हुकूम जागा सोडून बसलेल्या पेशींनाही ऐकू जातो. सीएएच असलेल्या मुलांमध्ये, विशेषतः उपचार नीट चालू नसतील तर, वृषणाच्या आत अशा अ‍ॅड्रिनलसारख्या पेशी वाढून गाठी होतात, बहुधा दोन्ही बाजूंना. त्या कॅन्सरच्या नसतात. पण मूळ आजाराची माहिती समोर नसली, तर त्या वृषणाच्या ट्यूमरसारख्या दिसतात आणि वृषण काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. जगात तसं घडलेलं आहे. खरं तर अशा गाठी औषधाचा डोस नीट बसवल्यावर बऱ्याचदा लहान होतात. दुर्लक्ष झालं तर पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो. म्हणून सीएएच असलेल्या मुलांची वयात येताना आणि पुढेही सोनोग्राफी करतात. तसंच, एखाद्या आजारासाठी ज्यांच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल काढल्या आहेत, त्यांच्या शरीरात असा राहिलेला तुकडा वाढू शकतो आणि बरा झालेला त्रास परत येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. बाळ मुलासारखं दिसतं, पण दोन्ही बाजूंची वृषणं हाताला लागतच नाहीत. घरचे म्हणतात, उतरतील हळूहळू. इथे थांबायचं नाही. क्वचित असं बाळ मुळात मुलगी असते, तिला सीएएच असतो आणि वाढलेल्या पुरुषी हार्मोनमुळे बाहेरून मुलासारखी रचना झालेली असते. म्हणून दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील तर जन्मल्यानंतर लगेच हार्मोनची आणि गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी लागते, कोणतंही ऑपरेशन करण्याच्या कितीतरी आधी. आपल्या देशात नवजात बाळांची सीएएच साठीची तपासणी सगळीकडे सक्तीची नाही. तेव्हा ही शंका आईवडिलांनी, आजी-आजोबांनी बोलून दाखवणं महत्त्वाचं आहे. लाजण्यात दिवस घालवले तर त्या बाळाला ते दिवस महाग पडतात.

म्हणून अशी ओळ रिपोर्टमध्ये आली, तर सर्जनना तीन प्रश्न विचारा.

पहिला: दाणा पूर्ण निघाला का, आणि पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी शंकास्पद असं काही लिहिलंय का? बहुतेक रिपोर्टमध्ये 'बिनाइन' किंवा 'इन्सिडेंटल' असे शब्द दिसतील. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी, इन्सिडेंटल म्हणजे दुसरं काम करताना सहज सापडलेलं.

दुसरा: आमच्या मुलात हार्मोनच्या गडबडीची काही लक्षणं आहेत का? वारंवार उलट्या, वजन न वाढणं, कातडी काळवंडणं, फार लहान वयात जांघेत केस येणं, उंची एकदम झपाट्याने वाढणं. घरात पूर्वी एखादं बाळ पहिल्या महिन्यात कारण न कळता दगावलं असेल, तर तेही सांगा. ही माहिती बहुतेक वेळा आजीकडे असते आणि तिला कुणी विचारत नाही.

तिसरा: यापुढे काही करायचं आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर ते 'नाही' मान्य करा. दुसरं मत घ्यायचं असेल तर बालशल्यचिकित्सकाचं किंवा मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाचं घ्या. ग्रुपवरच्या मतांची बेरीज करून दुसरं मत होत नाही.

भीतीचा एक दुष्परिणाम मला जास्त काळजीचा वाटतो. एका मुलाच्या रिपोर्टमधली ही ओळ ऐकून नात्यातलं दुसरं कुटुंब आपल्या मुलाचं ऑपरेशन पुढे ढकलतं. हे खरोखर धोक्याचं आहे. लहान मुलाचा हर्निया आपोआप बरा होत नाही. त्यात आतडं अडकलं तर जांघेतली गाठ घट्ट होते, आत जात नाही, मूल कळवळून रडतं, हिरवी उलटी होते. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. न उतरलेल्या वृषणाचंही तसंच आहे. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात, कारण काही वृषणं तोवर स्वतःहून उतरतात. त्यानंतर साधारण दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं असं सांगतात. उशीर झाला तर वृषणाची वाढ खुंटते आणि मोठेपणी त्यात कॅन्सर होण्याची शक्यताही वाढते. पिवळ्या दाण्याच्या भीतीने हे ऑपरेशन लांबवणं म्हणजे अंगणातल्या काजव्याला घाबरून घरातला गॅस चालू ठेवण्यासारखं आहे.

शेवटचा मुद्दा फाइलचा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना तो जास्त लागू आहे. नोकरी बदलते, राज्य बदलतं, डॉक्टरांची बोलीभाषा बदलते. हैदराबादला झालेलं ऑपरेशन जबलपूरच्या डॉक्टरांना तोंडी सांगताना 'काहीतरी गाठ निघाली होती' एवढंच उरतं, आणि 'काहीतरी गाठ' हे शब्द कोणत्याही डॉक्टरला सावध करतात, मग तपासण्यांचं चक्र सुरू होतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, या तीन कागदांची फाइल मुलाच्या नावाने ठेवा. मोबाइलमध्ये फोटो असला तरी मूळ कागद जपा. वरच्या बाजूला आपल्या भाषेत दोन ओळी लिहून ठेवा: अमुक तारखेला जांघेचं ऑपरेशन, अ‍ॅड्रिनलचा निरुपद्रवी दाणा निघाला, पुढे उपचार सांगितले नाहीत. मूल मोठं झालं की ही फाइल त्याच्या हातात द्या आणि काय लिहिलंय ते समजावून सांगा. पंचविसाव्या वर्षी त्याला कधी जांघेत किंवा वृषणात गाठ जाणवली, तर त्याच्या डॉक्टरांना या दोन ओळींचा उपयोग होईल. गाठ जाणवली की दाखवायची, हेही त्याला त्याच वेळी सांगून ठेवा. मुलं या जागेबद्दल घरात बोलत नाहीत, कारण आपण त्यांच्याशी कधी बोललेलो नसतो.